सलाईन ऐन गर्दीत का संपते?

प्रश्न : कोथरूडमध्ये आमचे ३० खाटांचे रुग्णालय आहे. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की सलाईन संपते, आणि काही इंजेक्शने मात्र मुदत उलटून फेकावी लागतात. साठा किती ठेवावा?

उत्तर : वर्षाच्या सरासरीवर नको, हंगामाप्रमाणे ठरवा. समजा, एरवी रोज ४० बाटल्या लागतात, गर्दीत ६०. माल ३ दिवसांत येतो, उशिरात उशिरा ६. तर पावसाळ्यात ६० गुणिले ६, म्हणजे ३६० बाटल्या उरताच ऑर्डर गेली पाहिजे. मोजणी कपाटातली धरा. वॉर्डात गेलेला माल खर्ची टाकायचा राहतो आणि संगणकावरचा साठा फुगलेला दिसतो. माल सदाशिव पेठेतून येत असेल तर विसर्जनाचे बंद रस्ते आणि दिवाळीची सुट्टी लक्षात घेऊन आठवडाभर आधीच मागवा.

दोन पुरवठादार आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. दोघेही एकाच कंपनीच्या डेपोतून उचलत असतील तर दोघांकडे एकदमच खडखडाट! दुसरा वेगळ्या कंपनीचा हवा, आणि त्यालाही दरमहा थोडी ऑर्डर द्या. फक्त टंचाईत आठवण काढणाऱ्याला कोण माल देईल?

मुदतीचे म्हणाल तर ज्याची मुदत आधी संपते ते औषध पुढे ठेवा. अॅड्रेनालिनसारखे जीव वाचवायला लागणारे औषध खपावर मोजू नका. प्रत्येक क्रॅश कार्टमध्ये, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ढकलगाडीत, ठरलेली संख्या हवीच. मुदतीला तीन महिने उरले की ते कॅज्युअल्टीत हलवा, तिथे वापर जास्त. माल परत घेण्याची अट खरेदीच्या वेळीच लिहून घ्या.