आधी गणित करून बघ

अनेक आशीर्वाद.

परवा सार्वजनिक वाचनालयात तू वही मिटलीस आणि म्हणालीस, 'काका, यापुढे कवितेत गणित नको.' कारण काय, तर 'आपण दोन समांतर रेषा' या ओळीखाली तुझ्या सरांनी लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'गुळगुळीत.' शेरा योग्यच आहे. पण गुळगुळीत शब्द नाही झालेला, तुझं गणित कच्चं राहिलंय. बीएस्सी झालीस ना गं?

समांतर म्हटलं की तुम्हाला 'न भेटणं' तेवढं आठवतं. आपल्या नाशिकच्या द्वारका चौकातल्या उड्डाणपुलाचा कठडा आणि खालून आडवा जाणारा पुणे रस्ता, तेही कधी भेटत नाहीत. त्यांना कोणी समांतर म्हणतं का? सम अंतर. शब्दातच लिहिलंय. नाशिकरोडच्या पादचारी पुलावर जाऊन उभी राहा. दोन रुळांत 1676 मिलिमीटर. इगतपुरीकडे बघ, मनमाडकडे बघ, तेवढेच. लांबवर ते जुळल्यासारखे दिसतात खरे, पण त्यातला एक चार बोटं सरकला की गाडी घसरलीच. आता सांग, तुझ्या ओळीतले दोघं न भेटणारे आहेत की अंतर ढळू न देणारे? दुसरे असतील तर एका छपराखाली तीस वर्षं काढलेलं जोडपंही त्यात येतं. आधी गणित करून बघ, मग उपमा दे.

आपल्या देवळालीतले कापरेकर मास्तर याच्या उलट्या वाटेने गेले. 1930 ते 1962 शाळेत शिकवलं आणि संख्यांना नावं दिली ती थेट संस्कृतातली: हर्षद, स्वयंभू. 15 मध्ये त्याचेच अंक 1 आणि 5 मिळव, 21 येतात. म्हणजे 21 ला जन्मदाता आहे. 20 साठी असा शोधून बघ. नाहीच सापडत, म्हणून 20 स्वयंभू. देवळातला शब्द आकड्याला लावला, पण पाटी पुसून-पुसून खात्री केल्यावर.

मी ती केली नव्हती. 1987 च्या एका दिवाळी अंकाच्या संपादकीयात मी ऐटीत लिहिलं, 'या सगळ्या कथांचा लसावि एकच, एकटेपणा.' आठवड्याने कुण्या शिक्षकाचं पोस्टकार्ड आलं. मजकूर इतकाच: '12 आणि 18. लसावि 36, मसावि 6. आपल्याला 6 म्हणायचे असावे.' सगळ्यांत सारखं असलेलं हवं होतं मला, म्हणजे मसावि. मी चडफडलो. आता लोकही लसाविच म्हणतात, 'मसावि' कानाला मसाल्यासारखा लागतो, वाचकाला अर्थ पोचला ना? हे मी आजही म्हणेन, आणि त्यात तथ्य आहे. रुळलेला शब्द वहीतल्या व्याख्येला बांधलेला नसतो. पण मी जाणूनबुजून वाकवला असता तर गोष्ट वेगळी. मला 36 आणि 6 मधला फरकच त्या घडीला सुचला नव्हता. म्हणून सांगतो, आधी गणित करून बघ. मग मोड खुशाल.

गणित सोडायचं म्हणे! तुझ्याकडे तेवढंच तर इतरांहून वेगळं आहे.

रविवारी ये. ती ओळ खोडू नकोस, खालची तेवढी बदलून आण. पोस्टकार्ड अजून खणात आहे, दाखवीन. उत्तर मात्र मी त्याला कधी धाडलं नाही.

तुझा
काका