केदारकांठ्याला बर्फातले फोटो राखाडी आणि निळसर येऊ नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मनालीला काढलेल्या फोटोंत बर्फ मळकट राखाडी आला, माणसांचे चेहरे काळवंडले आणि सगळ्यावर निळी झाक पसरली. आता जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखरावर जाताय, सोबत साधा डीएसएलआर आणि फोन. यातली राखाडी आणि निळी ही दोन वेगळी दुखणी आहेत. राखाडीचा बंदोबस्त तिथेच, डोंगरावर करावा लागतो. निळ्याचं घरी येऊन निवांत बघता येतं, फक्त फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेली सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये, काढलेले हवेत. म्हणून बोटं बधिर झालेली असताना सगळं लक्ष एक्स्पोजरकडे, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा त्याकडे द्या, व्हाइट बॅलन्सशी, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून लावायच्या रंगाच्या सेटिंगशी, झटापट करत बसू नका.

कॅमेऱ्यातलं मीटर समोरून परत येणारा उजेड मोजतं. समोर बर्फ आहे की घोंगडी, हे त्याला ठाऊक नसतं. जे काही आहे ते मध्यम राखाडी, म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परतवणारं आहे असं धरून ते आकडे काढतं. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो, म्हणजे जवळजवळ पाचपट. मीटर मग एक्स्पोजर दोन-सव्वादोन स्टॉप खाली खेचतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). बर्फ राखाडी होतो आणि त्याच्याबरोबर चेहराही तेवढाच खाली जातो. आपल्याकडे सह्याद्रीत याच्या उलट घडतं: फ्रेमभर काळा कातळ घेतला की तो फोटोत धुरकट, फिका येतो. समोर एवढं लख्ख आहे म्हणून बरेच जण एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबात आपण केलेली वाढ किंवा घट) मायनस करतात. करायचं असतं प्लस.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास झोन सिस्टीम मांडली, तिच्यात हा हिशेब फार स्वच्छ दिसतो. मध्यम राखाडी पाचव्या झोनमध्ये, तिरप्या उन्हातला बर्फ सातव्यात, आणि एक झोन म्हणजे एक स्टॉप. मीटर बर्फाला पाचवर आणून ठेवतं, आपण त्याला सातवर ढकलायचं. फिल्म गेली, सेन्सर आले, तरी यात काही बदललेलं नाही.

प्रत्यक्षात मात्र सरसकट +२ करू नका. हल्लीचं मॅट्रिक्स किंवा इव्हॅल्युएटिव्ह मीटरिंग अख्खी फ्रेम बघून थोडी भरपाई आपणहून करतं, त्यामुळे उन्हातल्या बर्फाने फ्रेम भरली असेल तर +१.३ ते +१.७ पुरतं. स्पॉट मीटर, म्हणजे फ्रेमचा एक लहानसा ठिपकाच मोजणारं, थेट बर्फावर धरलंत तर +२ पर्यंत जा. तुमच्या कॅमेऱ्याचा नेमका आकडा घरीच काढता येईल. एखाद्या दुपारी गच्चीवर पांढरी चादर पसरा, फोकस मॅन्युअल करा (सपाट पांढऱ्यावर ऑटोफोकस अडखळतो), चादरीने फ्रेम भरा आणि +०.७ पासून +२.३ पर्यंत एकेक पायरी चढत फोटो काढा. चादरीची वीण दिसेनाशी होते त्याच्या अलीकडचा आकडा तुमचा. रंगाची परीक्षा मात्र या चादरीवर घेऊ नका, धुताना घातलेली नीळ तुम्हाला फसवेल.

खरं तर निरभ्र दिवशी मला कॉम्पेन्सेशनपेक्षा मॅन्युअल मोडच (आकडे आपणच ठरवून कायम ठेवायचे) बरा वाटतो. ऊन सगळ्यांवर सारखंच पडतंय. समोर मोकळा उतार असो की लाल-काळी जॅकेटं घातलेला दहा जणांचा घोळका, आकडे बदलायचं कारण नाही. कॉम्पेन्सेशनवर राहिलात तर घोळका आला की मीटरचं मत बदलतं, आणि दर फोटोला चाक फिरवत बसावं लागतं. फिल्मच्या काळातला ठोकताळा असा: लख्ख ऊन असेल तर एफ/१६ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आणि शटर एका सेकंदाला आयएसओच्या (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या) आकड्याने भागून येतं तेवढं. आयएसओ १०० वर त्याचं एफ/८ ला १/४०० होतं. बर्फात खालूनही उजेड येतो म्हणून १/५०० किंवा १/६४० वर जा. त्याच जागी नुसत्या बर्फावर मीटर धरलंत तर ते एफ/८ ला १/२००० च्या आसपास सांगेल. त्यामुळेच जुनी पुस्तकं बर्फासाठी एफ/२२ म्हणजे ‘कमी करा’ म्हणतात आणि मी ‘वाढवा’ म्हणतोय, यात भांडण नाही. ती पडणाऱ्या उन्हापासून मोजायला सुरुवात करतात, मी मीटरच्या चुकीपासून.

फोटो बरोबर आला की नाही हे स्क्रीनवर ठरवू नका. उन्हात स्क्रीन अंधारी दिसते, ब्राइटनेस वाढवला तर अंडर गेलेला फोटोही छान वाटतो, आणि डोळ्यांवर गॉगल असेल तर रंगाबद्दल न बोललेलंच बरं. हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड दाखवणारा फोटोचा आलेख. बर्फाचा उंचवटा उजवीकडच्या शेवटच्या चौथाईत हवा, पण भिंतीला चिकटलेला नको. लाल-हिरवा-निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम दाखवत असेल तर तोच लावा, कारण एखादा एकटा रंग आधी भिंतीला जाऊन धडकतो आणि पांढऱ्या आलेखात ते कळत नाही. हायलाइट वॉर्निंगही (फार उजळ झालेला भाग स्क्रीनवर मिचकावून दाखवणारी सूचना) चालू ठेवा. बर्फाच्या कणांवरचे चमचमते ठिपके मिचकावले तर मिचकावू देत, पण उताराचा मोठा पट्टा मिचकावत असेल तर एक पायरी खाली या. बर्फ जळाला, म्हणजे त्यातला तपशील उडाला, की तो कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही. सावल्या थोड्याफार वर काढता येतात.

आता तुमच्या वाटेवरचं. सांकरीहून निघाल्यावर जुडा का तालाबपर्यंत बरीच चाल झाडीतून आहे. तिथे फ्रेममध्ये गडद खोडं जास्त आणि बर्फाचे तुकडे कमी, म्हणजे मीटरची चूक निम्म्यावर येते, कधी नाहीशीच होते. वरच्या मोकळ्या उताराचं +१.७ इथे तसंच राहिलं तर उन्हाचे कवडसे जळतील. शून्यापासून सुरुवात करा.

शिखर ३,८०० मीटरच्या आसपास आहे आणि बहुतेक तुकड्या अंधारात निघून सूर्योदयाला वर पोचतात. त्या अर्ध्या तासात स्वर्गारोहिणी, काळा नाग, बंदरपूंछ या शिखरांच्या माथ्यांवर गुलाबी-केशरी उजेड येतो आणि तुमच्या पायाशी मात्र अजून सावली असते. दोन्हींत कितीतरी स्टॉपचं अंतर पडतं. माथ्यांवरचा उजेड सांभाळा, पायथा अंधारा आला तरी चालेल, रॉमध्ये तो उचलता येतो. आणि तेवढ्या वेळापुरता व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवा. ऑटोला गुलाबी रंग हा दोष वाटतो आणि ते तो धुऊन टाकतं. रॉमध्ये हेही पुढे बदलता येतं, पण स्क्रीनवर रंग गेलेला दिसला की आपणच कंटाळून कॅमेरा आत ठेवतो.

निळ्या झाकेबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. निरभ्र दिवशी बर्फावरच्या सावल्या खरोखरच निळ्या असतात. तिथे सूर्य पोचत नाही, उजेड येतो तो निळ्या आकाशाचा. उन्हाचा रंग ५,२०० ते ५,६०० केल्विनच्या (उजेडाचा रंग मोजायचं एकक; आकडा जास्त तितका उजेड निळसर) घरात, सावलीतला ७,००० च्या वर. आपला डोळा मेंदूच्या मदतीने हा फरक पुसून टाकतो, कॅमेरा पुसत नाही. त्यामुळे घरी एडिट करताना आयड्रॉपर (‘हा भाग पांढरा धर’ असं सॉफ्टवेअरला सांगणारं साधन) उन्हातल्या, न जळलेल्या बर्फावर टेकवा. ऊन पडलेला बर्फ पांढरा झाला की सावल्यांची निळाई आपोआप पटण्याजोगी दिसते. फारच भडक वाटली तर निळ्याचं सॅच्युरेशन किंचित उतरवा. लोक नेमका सावलीतला बर्फ पांढरा करायला जातात आणि मग उन्हातला उतार हळद सांडल्यासारखा पिवळा होतो. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उन्हातल्या बर्फाचे आकडे ९० टक्क्यांच्या जरा वर ठेवा, शंभराला नेऊ नका. माणूस पूर्ण सावलीत उभा असेल आणि चेहराच महत्त्वाचा असेल तरच सावलीप्रमाणे रंग लावायचा, आणि फ्रेममध्ये ऊन येऊ द्यायचं नाही.

ढगाळ दिवशी रंगाचा त्रास जवळजवळ नसतो, पण बर्फ सपाट कागदासारखा दिसतो, कारण सावल्याच नसतात. एक्स्पोजर कितीही अचूक असलं तरी पोत येणार नाही. अशा वेळी फ्रेममध्ये देवदार, तंबू, माणूस असं काहीतरी गडद घ्या. पोत हवा असेल तर तो सकाळी आणि दुपारनंतर, ऊन तिरपं असतानाच मिळतो.

पोलरायझर (लेन्सवर लावून फिरवायचा, आकाश गडद करणारा फिल्टर) नेणार असाल तर जपून वापरा. एवढ्या उंचीवर आकाश आधीच गडद असतं, पूर्ण फिरवला की ते काळपट होतं आणि वाइड लेन्सवर एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी असं डागाळतं. युव्ही फिल्टरची रंगासाठी गरज नाही, ते काम डिजिटल सेन्सरपुढची काच करते. काचेला ओरखडे नकोत म्हणून लावलात तर लावा.

फोनवर हेच सगळं एका बोटाने होतं. बर्फावर टॅप केलंत की बर्फ राखाडी, चेहऱ्यावर टॅप केलंत की बर्फ जळतो. बर्फावर बोट दाबून धरा म्हणजे एक्स्पोजर लॉक होईल, मग सूर्याचं चिन्ह वर सरकवत जा आणि बर्फात पोत दिसतोय तोवरच थांबा. प्रो मोडमध्ये रॉ मिळत असेल तर तो चालू करा.

बर्फ पडत असताना फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर जवळचे कण पांढरे गोळे होऊन चेहऱ्यांवर बसतात. १/२५० ला कण ठिपक्यांसारखे दिसतात, १/३० ला रेघांसारखे, आणि दोन्ही वेळा मागे गडद झाडी हवी, नाहीतर पांढऱ्यावर पांढरं काहीच दिसत नाही. तंबूत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि आत आल्यावर तो तंबूइतका गरम होईपर्यंत पिशवी उघडू नका. बाष्प पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही. जादा बॅटऱ्या दिवसा आतल्या खिशात आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये.