स्प्रिंग कापू का, काका?

प्रश्न : काका, गेल्या वर्षी सेकंडहँड स्विफ्ट घेतली. ती दोन इंच खाली बसवायची हौस आहे. मित्र म्हणतात, लोअर केली की गाडी रस्त्याला चिकटून चालते. अंबडमधला एक जण म्हणतो, किटवर पैसे कशाला घालतोस, स्प्रिंगचा दीड वेढा कापून देतो. आई मागे बसते आणि तिची कंबर दुखते, म्हणून विचारतो, दणके फार बसतील का? तशीही मुंबई हायवेला ऐंशीच्या पुढे गाडी मागून डोलते आणि खड्ड्यात टकटक आवाज येतो.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : दणके बसतील. कापलेल्या स्प्रिंगवर तर जास्तच.

स्प्रिंग कापली की मऊ पडते, असं पुष्कळांना वाटतं. होतं उलटं. तार तीच, घेर तोच आणि वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. कामाच्या, म्हणजे दबणाऱ्या, सहा वेढ्यांतला दीड गेला, तर उरलेली स्प्रिंग पहिलीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कडक. शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या मापाचा. कापलेल्या स्प्रिंगची उसळी आवरायला तो कमी पडतो. म्हणजे दणका बसणारच, वर गाडी दोनदा नाचणार.

त्याहून वाईट गोष्ट जागेची. खड्ड्यात चाक वर यायला ठरावीक अंतर असतं आणि त्याच्या टोकाला बंप स्टॉप, म्हणजे चाकाला अडवणारा रबरी ठोकळा. समज ते अंतर आठ सेंटिमीटर आहे. तू गाडी पाच सेंटिमीटर खाली आणलीस, उरले तीन. बंप स्टॉप टेकला की स्प्रिंगचं काम संपलं, पुढचा धक्का थेट बॉडीत. मागच्या सीटवरचा माणूस जवळजवळ मागच्या चाकांवरच बसलेला असतो, त्यामुळे पहिली कळ तुझ्या आईच्या कंबरेत जाईल. पुढे बसून तुला त्यातलं निम्मंही कळणार नाही.

आता इंदिरानगर-सिडकोच्या गल्ल्यांतले गतिरोधक आठव. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्या गल्लीत उंची सढळ हाताने घालतात, रुंदीच्या वेळी मात्र डांबर संपतं! स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीला १६३ मिलिमीटर. त्यातले ५० गेले की ११३. घरची मंडळी आणि डबे भरून वणीला निघालात, तर नांदुरीचा घाट चढताना त्यातलंही किती उरेल ते बघ. खालून पहिल्यांदा घासतं ते ऑइल चेंबर नाहीतर सायलेन्सर.

‘चिकटून चालते’ यात तथ्य आहे, पण अर्धं. वजन खाली आलं की वळणावर बाहेरच्या चाकांवर भार कमी सरकतो, हे खरं. पण स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात आणि खाली चाकाला धरणारा एक लोअर आर्म. गाडी जास्त खाली आणली की लोअर आर्म चाकाकडे वर चढलेला राहतो आणि रोल सेंटर, म्हणजे बॉडी ज्या बिंदूभोवती कलते ती जागा, गाडीच्या वजनापेक्षाही भराभर खाली जातं. मग दोघांतलं अंतर वाढून बॉडी वळणावर पूर्वीइतकीच कलते, कधी जास्तही, आणि ते झाकायला स्प्रिंग आणखी कडक घालावी लागते. सपाट ट्रॅकवर हे खपतं. पावसाळ्यानंतरच्या उखडलेल्या वळणावर उड्या मारणारं चाक कशाला चिकटणार?

कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) बिघडून टायर आतल्या कडेने खाल्ले जातात, ते वेगळं. कापलेली स्प्रिंग चाक लोंबकळलं की सैल होऊन जागेवरून सटकू शकते, आणि वेढे गॅसने तापवून खाली बसवले तर तिचं टेंपरच, म्हणजे पोलादाचा पक्केपणाच, जातं. म्हणून अंबडच्या त्या माणसाला नाही सांग.

तुझ्या पत्रातली मुख्य गोष्ट तू शेवटी, जाता जाता लिहिलीस. मागून डोलणं आणि टकटक, ही तक्रार बहुधा मागच्या शॉकअपची किंवा त्याच्या रबरी बुशांची आहे. शॉकअपवर तेल ओघळलंय का ते बघून घे. संपले असतील तर दोन्ही एकदम बदल, एकटा नको. टायरमधली हवाही तपास. अशा गाडीला खाली बसवलं तर डोलणं तसंच राहील आणि वर दणके येतील.

एवढं करूनही हौस फिटली नाही, तर २५ ते ३० मिलिमीटर खाली आणणाऱ्या तयार स्प्रिंग, त्यांच्याच जोडीचे शॉकअप आणि आखूड बंप स्टॉप घे, बसवल्यावर लगेच अलाइनमेंट कर. त्याआधी विमा कंपनीला लेखी विचार. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, आणि क्लेमच्या वेळी ते निघू शकतं.

प्रश्न : माझी गाडी आधीच लोअर केलेली आहे. टायरमध्ये हवा कमी ठेवली तर मऊ चालेल का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : थोडी मऊ लागेल, पण टायर तापेल, कडा झिजतील आणि खड्ड्यात रिम वाकेल. ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर आकडा असतो, तेवढीच भरा. जाता जाता हेडलाइट तपासून घ्या. फक्त मागून खाली केली असेल तर झोत वर उचलला जातो आणि रात्री समोरच्याचे डोळे दिपतात.