गोळ्या घेतल्या तर माझी चित्रे जातील का?

बायपोलर विकाराचे (ज्यात मन उन्माद आणि नैराश्य या दोन टोकांमध्ये हेलकावते, त्या आजाराचे) निदान झालेले लेखक, चित्रकार किंवा नाटकवाले समुपदेशनाला आले की पहिल्या काही भेटींतच एक प्रश्न हमखास निघतो: औषधे चालू ठेवली तर माझ्यातली कला मरून जाईल का? घरच्यांना ही पळवाट वाटते. मला मात्र, ज्याचे पोट आणि ओळख दोन्ही कलेवर अवलंबून आहे त्याने हे विचारलेच नाही, तरच काळजी वाटते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून त्यातला एक अनुभव येथे मांडत आहे.

पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे करणाऱ्या पुण्यातील एक चित्रकार आईबरोबर आल्या होत्या. जुलै-ऑगस्टमध्ये अंकांची कामे एकदम अंगावर येतात. अशाच एका हंगामात सलग जागरणे झाली आणि उन्मादाचा झटका येऊन त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मनोविकारतज्ज्ञांनी लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध सुरू केले होते. आई बाहेर गेल्यावर त्यांनी सांगितले, की गोळ्या बंद करून काही आठवडे झाले आहेत.

“डोकं शांत होतं, पण रंग दिसत नाहीत, मॅडम. माझी चांगली चित्रं सगळी त्या भरातली आहेत.”

लिथियम अचानक सोडल्यास उन्माद लवकर उलटण्याचा धोका वाढतो, एवढे स्पष्ट सांगून मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायला लावला. चित्रांबद्दल मात्र वाद घातला नाही. जे तपासून पाहता येते त्यावर वाद घालू नये, असे मी मानते. गेल्या काही वर्षांचे सगळे काम तारखांसह घेऊन या, एवढेच सांगितले.

पुढच्या भेटीत त्या लॅपटॉप घेऊन आल्या. कोणत्या महिन्यांत झोप उडाली होती, याची आम्ही आधी यादी केली आणि मग त्या महिन्यांतल्या फाइली उघडल्या.

“या ऑगस्टमध्ये किती चित्रं सुरू केली?”

“एकेचाळीस.”

“छापून किती आली?”

त्या बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. “दोन. आणि ती दोन्ही मी पुढच्या फेब्रुवारीत बसून पूर्ण केली आहेत.” मग जरा चिडून म्हणाल्या, “पण कल्पना तर तेव्हाचीच ना?”

एका चित्राची होती, आणि मी ते मान्य केले. ते नाकारले असते तर त्यांचा माझ्यावरचा विश्वास तिथेच संपला असता. पण एकेचाळिसांतून ती दोन निवडणारी, बाकीची बाजूला सारणारी नजर फेब्रुवारीतली होती, रात्री झोप लागत असतानाची होती. त्यांनी ते स्वतःच्या फाइलींत पाहिले, आणि माझ्या मते कोणत्याही उपदेशाने जे झाले नसते ते त्या अर्ध्या तासात झाले.

मग मी त्यांना डॅनिश मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स शाऊ यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगितला. लिथियम घेणाऱ्या 24 कलावंतांपैकी 12 जणांनी काम वाढल्याचे सांगितले, 6 जणांना फरक जाणवला नाही आणि 6 जणांचे काम घटले. अभ्यास लहान आहे, हेही सांगितले.

“मी त्या शेवटच्या सहांत असेन तर?”

“तर ते तुमच्या कामाच्या तारीखवार नोंदींतून कळेल, आणि डॉक्टरांशी बोलताना त्या नोंदींची वही तुमच्या हातात असेल.”

‘रंग दिसत नाहीत’ ही तक्रार खरी मानूनच तिचे कारण शोधावे लागते. रक्तातील लिथियम गरजेपेक्षा जास्त असू शकते (ते बहुधा लिटरला 0.6 ते 1.0 मिलिमोलच्या दरम्यान ठेवतात), थायरॉइड मंदावलेले असू शकते, किंवा नैराश्यच पुरते उतरलेले नसते, तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे आहेत. या बाईंचे थायरॉइड मंदावले होते. त्यावर उपचार झाल्यावर ही तक्रार बरीच कमी झाली. मनगट दुखते म्हणून आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके स्वतःच्या मनाने घेणेही त्यांनी थांबवले, कारण त्या औषधांनी रक्तातील लिथियम वाढू शकते.

माझा स्वतःचा भर दिवसाच्या घडीवर असतो. उठण्याची, जेवणाची, काम थांबवण्याची वेळ हंगामातही शक्यतो ढळू देऊ नये. रात्री कल्पना सुचली तर ती वहीत दोन ओळींत उतरवून दिवा मालवावा, आणि दोन रात्रींची नीट झोप झाल्याखेरीज ती संपादकांना पाठवू नये.

आईशीही बोलावे लागले. मुलगी मोठ्याने हसली तरी त्या “गोळी घेतलीस ना?” असे विचारत आणि मुलगी दार लावून घेई. झोप चार तासांवर येणे आणि एका दिवसात तीन नवी कामे स्वीकारणे, या दोनच खुणा दिसल्या तर आईने बोलायचे, असे दोघींच्या संमतीने ठरले.

यंदा त्यांनी तीनच अंकांची मुखपृष्ठे घेतली आहेत. मानधन घटल्याची त्यांची तक्रार रास्त आहे, म्हणून बालपुस्तकांच्या चित्रांसारखे वर्षभर विभागून करता येणारे काम कुठे मिळेल, यावर सध्या आमच्या भेटी खर्च होत आहेत.