एकच प्राध्यापक, प्राचीन लिपी आणि नवे औषध

प्रश्न : एमआयटीच्या प्राध्यापक रेजिना बार्झिले यांनी मशीन लर्निंगच्या (संगणकाने नोंदींवरून स्वतः शिकण्याच्या तंत्राच्या) आधारे प्राचीन लिपी, कर्करोग आणि प्रतिजैविके अशा परस्परांपासून दूरच्या विषयांत काम केल्याचे वाचले. एका व्यक्तीला इतक्या विषयांत पारंगत होता येते का? मशीन लर्निंग शिकले की कोणतेही क्षेत्र खुले होते, असे समजावे का?

उत्तर : पारंगत होता येत नाही, आणि तशी गरजही नसते. बार्झिले मूळच्या भाषा-संगणनाच्या अभ्यासक. २०१० साली त्यांनी सहकाऱ्यांसह युगारिटिक या प्राचीन सीरियातील लिपीवर काम केले. ही लिपी विद्वानांनी पूर्वीच उलगडलेली असल्यामुळे संगणकाचे उत्तर पडताळून पाहता आले. ३० पैकी २९ अक्षरे त्याने नात्यातल्या हिब्रू भाषेच्या अक्षरांशी बरोबर जुळवली. २०१४ मध्ये त्यांना स्वतःलाच स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि त्यांचे लक्ष वैद्यकाकडे वळले.

प्रतिजैविकाचे उदाहरण अधिक बोलके आहे. एमआयटीतीलच जैव-अभियंते जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने प्रयोगशाळेत २,३३५ रेणू ई. कोलाय जिवाणूंवर तपासले होते. कोणता रेणू वाढ रोखतो आणि कोणता नाही, एवढीच नोंद मॉडेलला, म्हणजे अशा नोंदींवरून अंदाज बांधायला शिकणाऱ्या संगणक-प्रणालीला, मिळाली. प्रत्येक रेणू त्याच्यापुढे अणू आणि बंध यांच्या जाळ्याच्या रूपाने ठेवला गेला. मग सुमारे ६,००० संयुगांतून त्याने जे निवडले, त्यात पूर्वी मधुमेहासाठी अभ्यासलेले एक संयुग होते. २०२० साली ते ‘हॅलिसिन’ या नावाने नवे प्रतिजैविक म्हणून जाहीर झाले. जिवाणूशास्त्र कॉलिन्स यांच्याकडून आले. बार्झिले यांच्या बाजूने आली ती प्रश्नाची मांडणी, आणि माझ्या मते एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात नेता येते ती हीच गोष्ट.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच नकारार्थी आहे. छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेलांच्या २०१८ मधील एका अभ्यासात असे आढळले की, प्रतिमा कोणत्या रुग्णालयातली आहे हे मॉडेल ओळखू शकत होते, आणि रुग्णालयागणिक न्यूमोनियाचे प्रमाण वेगळे असल्याने रोगाच्या खुणांऐवजी हीच ओळख अंदाजासाठी वापरली जाण्याचा धोका होता. ओळखीच्या रुग्णालयात अचूकतेचे आकडे छान दिसतात, पण परक्या रुग्णालयात मॉडेल कोलमडते. हा दोष गणितात सापडत नाही. एक्स-रे कोणत्या यंत्रावर, कोणत्या रुग्णाचा आणि कशासाठी काढला, हे ठाऊक असलेल्या तंत्रज्ञाशेजारी बसल्यावर सापडतो. त्यामुळे क्षेत्र कोणतेही निवडा, पण मॉडेल निवडण्याआधी विदा (डेटा) कशी गोळा झाली ते विचारा, आणि एकाच रुग्णाच्या प्रतिमा प्रशिक्षण (ज्यावर मॉडेल शिकते) व चाचणी (ज्यावर ते तपासले जाते) या दोन्ही संचांत गेल्या नाहीत ना, हे स्वतः तपासा.