हात दुखत असतील तर कापड कापायला कोणता रोटरी कटर घ्यावा?

कात्रीने अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची म्हणून तुम्ही रोटरी कटर, म्हणजे चाकासारखं फिरणारं गोल पातं असलेला कटर, घेतलात, तरी दुखणं तसंच आहे, आणि आता आरामदायी मुठीचा दुसरा घ्यावा का, असं विचारताय. घ्या. पण त्याआधी आहे त्या कटरमध्ये नवं पातं घालून बघा.

माझाही अंगठा असाच ठणकायचा आणि मी मुठीला दोष देत होते. एकदा कापडाची कापलेली पट्टी उचलली तर जागोजाग दोन-तीन धागे तसेच राहिलेले. अंतर मोजलं तर दर वेळी साधारण 14 सेंटिमीटर. 45 मिलिमीटरच्या पात्याचा एक फेरा तेवढाच असतो, म्हणजे पात्याला एका जागी खाच पडली होती. ते धागे कापण्यासाठी मी नकळत जोर लावत होते, आणि तो सगळा जोर अंगठ्यावर येत होता. नवं पातं बसवल्यावर कटर नुसता पुढे ढकलला तरी कापड सुटायला लागलं.

पातं बदलताना मागचा नटही बघा. तो गच्च आवळला की पातं फिरत नाही, कापडावरून घासत जातं. पात्यामागे अडकलेले धागे पुसून काढा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब लावा.

आता मूठ. पहिला रोटरी कटर ओल्फा या जपानी कंपनीने 1979 मध्ये काढला, आणि तसा सरळ दांड्याचा कटर आजही मिळतो. ज्यांचं मनगट दुखतं त्यांना तो सहसा जड जातो, कारण मनगट वाकवून वरून दाबावं लागतं. दुसऱ्या प्रकारात मूठ दाबली की पातं बाहेर येतं आणि सोडली की आत जातं. सुरक्षिततेला हा उत्तम, पण दुखऱ्या अंगठ्याला सतत आवळून धरणं हाच त्रास. पातं बाहेर ठेवून लॉक होतं असाच घ्या, आणि मग दर वेळी आठवणीने बंद करा. ही पाती फार धारदार असतात, उघडा कटर टेबलावर कधीच ठेवू नका.

तिसरा प्रकार कडीसारख्या गोल मुठीचा. त्यात चारही बोटं आत जातात आणि तळहाताने ढकलता येतं. मार्टेली कंपनीच्या कटरमध्ये तर हात पात्याच्या वर आडवा टेकतो आणि मनगट सरळ राहतं. फक्त डाव्या आणि उजव्या हाताचे वेगळे असतात, मागवताना नीट बघा. अंगठ्याचं दुखणं असेल तर मी या दोनांतलाच एक घ्यायला सांगेन.

दुकानात पातं बंद ठेवून कटर टेबलावर टेकवा, बोटं सैल सोडा आणि पुढे ढकला. आवळल्याशिवाय तो सरळ जात नसेल तर ती मूठ तुमच्या हाताची नाही.

सरळ कापायला आणि जास्त थरांना 60 मिलिमीटरचं पातं कमी जोरात चालतं. 28 चं वळणांसाठी ठेवा. थर मात्र कमीच घ्या. आठ थर एकदम कापण्यापेक्षा चार-चार दोनदा कापलेले हाताला सोसतात.

आणि कापताना कापडावर मोजपट्टी धरणारा दुसरा हात? त्याचा विचार आपण करतच नाही. पट्टी सरकू नये म्हणून बोटांच्या टोकांनी दाबून दाबून माझा डावा हात उजव्याइतकाच दुखायचा. पट्टीच्या खाली न घसरणारे ठिपके चिकटवले आणि वर चिकटून बसणारी मूठ लावली, तेव्हा तो शांत झाला. टेबल कमरेच्या जरा वर असू द्या आणि उभं राहून कापा, म्हणजे जोर खांद्यातून येतो.

रात्री बोटं बधिर होत असतील किंवा हातातून वस्तू निसटत असतील तर कटर शोधत बसू नका, आधी डॉक्टरांना हात दाखवा. एरवी, तुमचा कोणता हात चालतो आणि एका वेळी किती थर कापता ते इथेच लिहा, म्हणजे नेमका प्रकार सांगता येईल.