‘टेन्शन येतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

“मॅडम, बारावीला ८६ टक्के होते. इथं डोक्यात काही शिरतच नाही. इंजिनिअरिंग सोडू का?”

इन-सेमचे, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेचे, मार्क लागले की हा प्रश्न दर वर्षी माझ्याकडे येतो. त्यातल्या एका मुलाबद्दल, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, लिहिते.

बीडकडचा मुलगा, पुण्यात होस्टेलवर. गणितात ३० पैकी ७. काहीही विचारलं की एकच उत्तर, “टेन्शन येतं.” म्हटलं, आज तो शब्द वापरायचा नाही. कधी, कुठं, काय होतं तेवढं सांग. बराच वेळ तो सॅकच्या पट्ट्याचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसला.

“रोज नऊला पप्पांचा फोन येतो. ‘बरं चाललंय ना?’ म्हणतात. मी ‘हो’ म्हणतो. मग पुस्तक उघडलं तरी वाचवत नाही.”

वडिलांशी खोटं बोलल्याची बोच. आणखी बोलल्यावर दुसरी गोष्ट निघाली: शंका विचारताना इंग्रजी चुकेल, पोरं हसतील, ही लाज. गणिताच्या पायऱ्या डोक्यात धरून ठेवायला जी जागा लागते, तीच असली घालमेल खाऊन टाकते. मुलाला वाटतं, आपली अक्कलच कमी.

पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली, तीत भावना ओळखणं हा पायाच आहे. पालक तिचा अर्थ ‘शांत राहणं’ असा घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. गप्प बसणारा हा मुलगा घरच्यांना शांतच वाटत होता!

बोचेला आणि लाजेला उपाय वेगळे. शंका तास संपल्यावर सरांना मराठीत विचारायची, असं ठरलं. सरांनी नीट समजावलं. वडिलांना फोनवर खरं सांगायला मात्र तीन आठवडे लागले. (झोप-जेवण तुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर इतकं थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक लगेच लावा.)

गणितात केटी लागलीच, म्हणजे विषय राहिला. मागे पडलेला अभ्यास नुसत्या बोलण्यानं भरून निघत नाही. पुढच्या खेपेला सुटली. फोनवर ‘सात मार्क’ ऐकून वडील जरा वेळ गप्प होते म्हणे. मग म्हणाले, “बरं. जेवलास का?”